साडेसोळा फुटी हॉल, तीन स्पीकर-जोड्या आणि बाबांचा तानपुरा

५ एप्रिल २०२५, शनिवार

विलेपार्ले पूर्व, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल साडेसोळा फूट बाय दहा, उंची नऊ फूट. ऐकायचं ते बहुतेक रागसंगीत, रात्री साडेदहाच्या आत, खालच्या काकू वर येणार नाहीत एवढ्या आवाजात. ८० वॅटचा अँप्लिफायर आहे तोच राहील. बदलायचे ते फक्त स्पीकर.

आज एका शोरूममध्ये दोन तास घालवले. जाड गालिचा, भिंतींना कापडी पॅनेल, बाहेरच्या हॉर्नचा मागमूस नाही. विक्रेत्याने लावलेला तुकडा असा की गिटारची एक तार छेडायची आणि मग लांबलचक शांतता. अशा शांततेत आमचा मिक्सरसुद्धा उंची वाटेल. तिसरी जोडी ऐकेपर्यंत पहिली कशी वाजत होती ते विसरलो होतो. मग ठरवलं, तुलना करायची ती घरीच, आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी घरात हव्यात.

१२ एप्रिल, शनिवार

जोड्या जमल्या, तिन्ही सेकंडहँड आणि तिन्ही विकाऊ.

डायनऑडिओ स्पेशल फॉर्टी मित्राची. तो मर्चंट नेव्हीत आहे, जूनअखेरपर्यंत बोटीवर. केईएफ एलएस५० मेटा भाच्याची. पहिल्या बोनसात घेतली आणि तेव्हापासून त्याच्या भाड्याच्या खोलीत खोक्यातच पडून आहे. हार्बेथ पी३ईएसआर ठाण्याच्या एका गृहस्थांची. वयाने मोठे, आवाजाने मऊ. म्हणाले, "दोन महिने ठेवा, ऐका, नाही पटली तर परत आणा." अनामत म्हणून चेक दिला. टेम्पोचे ९०० रुपये झाले आणि जिना चढताना भाच्याची बडबड ऐकावी लागली ती वेगळी.

कागदावरचा महत्त्वाचा फरक खालच्या सुरांचा. कंपन्यांच्याच आकड्यांनुसार स्पेशल फॉर्टी ४१ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला इतकी कंपनं; आकडा लहान तितका सूर खालचा) उतरते, पी३ईएसआर ७५ला थांबते आणि एलएस५० मेटा ७९ला. पी३ईएसआरची पेटी बंद आहे, बाकी दोघींना मागे भोक. हे आकडे वाचून मी मनातल्या मनात स्पेशल फॉर्टी घेऊनही टाकली होती. जास्त खोल म्हणजे जास्त चांगलं, एवढंच माझं गणित.

१९ एप्रिल, शनिवार

स्टँड बनवून घेतले. जोडीचे ५,२०० रुपये, चौकोनी लोखंडी पाइप, वर-खाली पत्रा. उंची २८ इंच. ही उंची मी एलएस५० मेटावरून काढली. तिच्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) वूफरच्या (खालच्या सुरांच्या मोठ्या पडद्याच्या) पोटातच बसवलेला असल्यामुळे आवाजाचा मधला बिंदू पेटीच्या मध्यावर येतो. बाकी दोघींचे ट्वीटर वरच्या भागात. मग त्या जोड्या स्टँडवर ठेवल्या की ट्वीटर माझ्या कानाच्या तीन-चार इंच वर. हे डोक्यात आलं स्टँडला काळा रंग मारून झाल्यावर. तूर्त उपाय असा: केईएफ ऐकताना सोफ्यावर नुसतं बसायचं, बाकी दोन ऐकताना खाली सतरंजीची जाड घडी घालायची. हसू नका, मोजलं तर फरक दिसतो.

पाइपमध्ये वाळू भरली म्हणजे पाइप घंटेसारखा वाजत नाही. समोरच्या इमारतीचं काम चालू आहे, तिथून दोन घमेली मागून आणली. ती नीट सुकवली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येईल.

२६ एप्रिल, शनिवार

मोजायचा माइक आला: मिनीडीएसपीचा युमिक-१, कस्टम धरून ११,४०० रुपये. सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड, फुकट. स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर सोडायचा, माइक तो ऐकतो आणि आलेख काढतो.

पहिल्याच आलेखात तिन्ही जोड्यांचे वरचे सूर १० किलोहर्ट्झच्या पुढे घसरलेले. भाच्याला फोन करून सांगितलं की तुझी जोडी बिघडलीय. रात्री बाराला उलगडा झाला. या माइकसाठी सिरियल नंबरवरून दोन दुरुस्ती-फाइली उतरवून घ्यायच्या असतात, माइक समोर रोखला तर एक आणि छताकडे धरला तर दुसरी. मी माइक छताकडे धरला होता आणि फाइल समोरची लावली होती. शनिवार गेला. भाच्याची माफी मागितली.

२७ एप्रिल, रविवार

डाव्या बाजूने खर्र आवाज, साधारण ११० हर्ट्झला. जोडी बदलली तरी तोच. केबल बदलली, अँप्लिफायरच्या वाहिन्या उलटसुलट केल्या, दोन संध्याकाळी गेल्या असत्या. बायको भांडी लावताना म्हणाली, "अरे, तुझं ते सुरू झालं की शोकेसची काच थरथरते, माहितीये ना?" काचेच्या खाचेत वर्तमानपत्राची घडी सरकवली, खर्र बंद. मग तोच चढता स्वर हळू सोडून अख्खा हॉल फिरलो. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी, पंख्याची वाटी, मांडणीवरचं एक ताट, सगळे आपापल्या सुराला उठत होते. कुणालाही सांगेन, स्पीकर बदनाम करण्याआधी घरातली काच आणि स्टील तपासा.

१ मे, गुरुवार, महाराष्ट्र दिनाची सुट्टी

आज खरं दुखणं सापडलं.

सोफा मागच्या भिंतीला चिकटून, स्पीकर पुढच्या भिंतीपासून आठ इंचांवर, म्हणजे मुंबईतल्या कुठल्याही हॉलमध्ये असतात तसे. या जागी तिन्ही आलेखांना ७० हर्ट्झच्या आसपास एकच उंचवटा. मधल्या सुरांच्या सरासरीपेक्षा स्पेशल फॉर्टी १४ डेसिबल वर, केईएफ ११, हार्बेथ ९. पेट्या वेगवेगळ्या आणि डोंगर एकाच ठिकाणी, म्हणजे डोंगर हॉलचा.

हिशेब साधा आहे. साडेसोळा फूट म्हणजे ५.०३ मीटर. तीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. ३४९ भागिले ५.०३, उत्तर ६९.४ हर्ट्झ. या लहरीची लांबी नेमकी हॉलएवढी. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी तिचा दाब सर्वांत जास्त, आणि तिथेच मी सोफा टेकवून बसलोय.

आता योगायोग पाहा. बाबांचा तानपुरा काळी एकला लागतो, म्हणजे सा हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, ६९.३ हर्ट्झ. म्हणजे आमच्या हॉलने खर्जाची तार आपली म्हणून निवडलेली आहे. इतकी वर्षं कुठलंही पुरुष गायकाचं रेकॉर्डिंग लावलं की मला वाटायचं तानपुरा जवळ ठेवून ध्वनिमुद्रण केलंय. तो आमचा हॉल गात होता.

तानपुऱ्यात खर्जाचा मूळ सूर तसा दबलेलाच असतो. घोडीवर जवारी लागलेली असेल, म्हणजे खाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे तार घोडीला किंचित घासून झणझणत असेल, तर तारेतून वरचे स्वर उठतात, त्यातला पाचवा म्हणजे स्वयंभू गंधार, आमच्या तानपुऱ्यात साधारण ३४६ हर्ट्झवर. तो ऐकू आला की तानपुरा लागला असं बाबा म्हणायचे. घरातल्या स्पीकरवर तो कधीच ऐकू येत नव्हता, खर्ज त्याच्या अंगावर बसलेला होता. आता स्पीकर कशावर जोखायचे ते ठरलं. गंधार बोलतो का, एवढंच.

३ मे, शनिवार

पॅनेलवर पैसे घातले. रॉकवूलच्या चार इंची जाडीच्या चार फ्रेमा, वर दादरहून आणलेलं मांजरपाट, सुतारासकट ९,६०० रुपये. पुन्हा मोजलं. ७० हर्ट्झचा डोंगर जागच्या जागी, अर्धा डेसिबलही नाही हलला. पाच मीटर लांबीच्या लहरीला चार इंच रॉकवूल म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. हे मला मोजण्याआधी कळायला हवं होतं. बाजूच्या भिंतींवर लावल्यावर गायकाचा आवाज मधोमध घट्ट बसला, तेवढा उपयोग झाला म्हणून फ्रेमा ठेवल्यात.

माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या वळकट्या करून कोपऱ्यांत उभ्या केल्या. एक डेसिबल उतरला. फुकटात एक डेसिबल वाईट नाही, पण आई म्हणाली, "घर आहे की धर्मशाळा?" गाद्या माळ्यावर परत.

४ मे, रविवार

सोफा हलवला. भिंतीपासून अडीच फूट पुढे. स्पेशल फॉर्टीचा उंचवटा १४वरून ९वर. मग स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर आणले, ९वरून ७. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. सोफा चार फुटांवर नेला तर उंचवटा जवळजवळ नाहीसाच होतो. हॉलच्या चतुर्थांशावर त्या लहरीचा दाब शून्याजवळ जातो. पण मग स्वयंपाकघरात जायला सोफ्यावरून उडी मारावी लागते. अडीच फुटांवर तह झाला, तोही "ऐकताना पुढे, एरवी मागे" या अटीवर. फरशीवर निळ्या टेपने खुणा केल्या.

स्पेशल फॉर्टीच्या मागच्या भोकांत मोज्यांचे बोळे कोंबले, आणखी दोन डेसिबल कमी.

दुपारी तानपुरा हॉलमध्येच रेकॉर्ड केला आणि स्पीकरवर वाजवला. भयंकर. खर्ज दुप्पट फुगलेला. आधी वाटलं रेकॉर्डरच खराब. मग ट्यूब पेटली: रेकॉर्डिंगमध्ये हॉल एकदा आला, वाजवताना तोच हॉल दुसऱ्यांदा. तुलनेसाठी तानपुरा भिंती नसलेल्या जागी रेकॉर्ड करायला हवा, म्हणजे गच्ची. आणि पार्ल्याच्या गच्चीवर दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान.

८ मे, गुरुवार

अर्धी रजा टाकली. पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या आज सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद होत्या. वर्षातून असा दिवस क्वचित. साडेतीनला तानपुरा घेऊन गच्चीवर गेलो, टाकीच्या सावलीत सतरंजी अंथरली. भाच्याचा रेकॉर्डर एक मीटरवर. आकाश इतकं गप्प की कावळ्यांचंही लक्ष गेलं असावं, ते आले. तेवीस मिनिटांपैकी चार मिनिटं स्वच्छ मिळाली. बाकीच्यात कावळे, कुकरच्या शिट्ट्या आणि "अहो, वर काय चाललंय?"

गरम होतं. तारा लावून घेतल्या होत्या, पण शेवटी पुन्हा तपासल्या नाहीत. ही चूक दहा दिवसांनी उघडी पडली.

१० आणि ११ मे

आवाजाची पातळी जुळवणं. यात हयगय केलीत तर तुलनेला अर्थ नाही, कारण जी जोडी किंचित मोठी वाजते ती कानाला चांगली वाटते. तेवढ्याच व्होल्टेजला हार्बेथ साधारण ८३ डेसिबल देते, केईएफ ८५, स्पेशल फॉर्टी ८६. व्हॉल्यूम न हलवता बदलली तर स्पेशल फॉर्टी दरवेळी जिंकेल. शनिवारी माझ्या वहीत तीच जिंकलेली आहे, पाच पानं भरून. रविवारी गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज, सगळे सूर एकत्र असलेला चाचणीचा खळखळाट) लावून सोफ्यावर ७५ डेसिबल येईल असा प्रत्येकीचा व्हॉल्यूम टिपून ठेवला आणि ती पाच पानं फाडली.

मध्ये एकदा हार्बेथचा आवाज पोकळ, गायक कुठे उभा आहे ते कळेना, डग्गा गायब. दहा मिनिटं विशेषणं लिहीत बसलो. उजव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी होती.

पंखा बंदच ठेवावा लागला. चारवर असला की सोफ्यावर ५२ डेसिबल, बंद केला की रात्री ३८. गोंगाट एक वेळ चालवून घेतला असता, पण लांब सुराला पाती एक थरथर देतात आणि ती जवारीत मिसळते. मे महिना, पंखा बंद, खांद्यावर पंचा. उंची ध्वनीचा छंद दिसतो असा.

१८ मे, रविवार

आईची परीक्षा. आई बाबांच्या मागे तानपुऱ्याला बसलेली आहे, मी फक्त आलेखाला बसलोय. खिडकीच्या ग्रिलपासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधून पातळ चादर टाकली. भाचा मागे. जोड्या त्याच स्टँडवर, बनाना प्लगमुळे अदलाबदल चाळीस सेकंदांत. गच्चीवरची चार मिनिटं तिन्हींवर. आईला खुर्ची दिली, सोफ्याच्याच जागी.

पहिली (स्पेशल फॉर्टी, मोज्यांसकट): "भारदस्त आहे. पण खर्ज पुढे पुढे करतो."

दुसरी (केईएफ): "लख्ख. जवारी जरा जास्तच उघडलीय, दोरा सरकलाय का?" मग उठून खिडकीपाशी गेली, तिथून म्हणाली, "इथूनही तसाच येतो की." ही या जोडीची खरी खुबी, बाजूला बसलेल्यालाही जवळपास तेच ऐकू येतं. माणसांनी भरलेल्या हॉलसाठी मी तीच सुचवेन.

तिसरी (हार्बेथ): थोडा वेळ काही बोललीच नाही. मग, "याच्यात गंधार बोलतो."

चौथी माझ्या यादीत नव्हती. भाच्याने मला न सांगता खरा तानपुरा मांडीवर घेतला होता. दोन आवर्तनांत आई म्हणाली, "हा आपला. आणि आधीचे तिन्ही उतरलेत, हा लागलेला आहे."

ट्यूनर लावून रेकॉर्डिंग तपासलं. खर्ज ६८.६ हर्ट्झ, सतरा-अठरा सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) खाली. गच्चीवरच्या उकाड्यात तारा सैलावल्या होत्या. माइक, सॉफ्टवेअर, आलेखांचे चाळीस कागद, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नंतर तबल्याचं एक रेकॉर्डिंग लावलं. इथे मात्र स्पेशल फॉर्टीला तोड नाही. डग्ग्यावर तळहात घासत नेल्याची ती घूम हार्बेथमध्ये अर्धी राहते, तिचा अंदाजच करावा लागतो. तीस-पस्तीस फुटी हॉल असता तर मी एवढं लिहीतच बसलो नसतो, स्पेशल फॉर्टी घेतली असती.

२६ मे, सोमवार

पाऊस आजच मुंबईत दाखल. सोळा दिवस आधी. ऑफिसला जाणं झालं नाही. डाव्या स्टँडच्या बुडातून फरशीवर तपकिरी ओघळ. तीच न सुकवलेली वाळू. स्टँड उलटा करून रिकामा केला तर आतून पाइप गंजाने खवल्याखवल्यांचा. वाळू कढईत (जुन्या, शपथ) भाजून घेतली, पाइपला आतून रेड ऑक्साइड ओतून फिरवला, दोन दिवस पंख्याखाली. या वेळी वाळू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून मग पाइपमध्ये सोडली.

१ जून, रविवार

हार्बेथ ठेवली. ठाण्याला फोन केला, चेक बदलून दिला. किंमत लिहीत नाही, सेकंडहँड सौद्यात ती जोडीपेक्षा माणसावर ठरते. भाचा एलएस५० मेटा परत घेऊन गेला आणि या वेळी ती खोक्याबाहेर काढणार म्हणतो. स्पेशल फॉर्टी मित्र येईपर्यंत आमच्याकडे. तबल्याच्या दिवशी तीच लावतो, कबूल आहे.

बाकी खर्च: माइक ११,४००, पॅनेल ९,६००, स्टँड ५,२००, टेम्पो जाऊन-येऊन १,८००, वायर, प्लग आणि रंग मिळून २,१००. म्हणजे ३०,१००. त्यातलं सर्वांत मोठं काम निळ्या टेपच्या तीस रुपयांनी केलं, ते यात धरलेलं नाही.

८ जून, रविवार

काल पाहुणे होते. सोफा भिंतीला. रात्री गाणं लावलं आणि पहिल्याच मिनिटाला खर्ज पुन्हा अंगावर. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, "वा, काय बेस आहे!" मी चहा आणायला उठलो.

हार्बेथसाठी स्टँड तीन इंच कापायला हवेत. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणतो, साहेब, वेल्डिंग उघड्यावर चालतं, पाऊस थांबू दे. तोवर सतरंजीची घडी सोफ्यावरच आहे.